पेनल्टीचं कडवं

तुमचा संघ जिंकला त्या संध्याकाळी हरलेल्या संघातला माणूस कोणत्या रस्त्यानं घरी गेला, हे तुम्ही कधी वळून पाहिलं आहे का?

मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घाटकोपरच्या आमच्या निम्म्या चाळीबरोबर एका उघड्या लॉरीत उभा होतो. अंधेरीहून परत येत होतो आणि घसा बसेपर्यंत ओरडत होतो. लॉरीच्या टपावर शील्ड होती. ती धरून आमचा गोलकीपर बसला होता, आणि प्रत्येक खड्ड्यापाशी आम्ही खालून ओरडत होतो, ‘शील्ड सांभाळ रे, तू पडलास तरी चालेल.’

आमचा फुटबॉलचा संघ रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांचा. बूट कोणाकडेच नव्हते. जुनी धोतरं फाडून त्यांच्या पट्ट्या घोट्याला आणि तळव्याला गुंडाळायच्या आणि खेळायचं. त्या पट्ट्या चाळीतल्या बायका आदल्या रात्री फाडून, गुंडाळ्या करून ठेवत. समोर अंधेरीची कंपनी होती. निळे सदरे, चामड्याचे बूट, हाफ टाइमला सोललेली मोसंबी. मैदानही त्यांचंच. उपनगरांच्या शील्डची फायनल होती आणि चिखल इतका होता, की पहिल्या दहा मिनिटांत निळा सदरा कोणता आणि आमचा पांढरा बनियन कोणता, हे ओळखू येईना.

ती मॅच आम्ही एकदाच खेळलो, पण ‘लावली’ मात्र अनेकदा. रविवारी सकाळी मटण शिजत असताना अंगणात कोणीतरी म्हणायचं, ‘मॅच लावा रे.’ तबकडी लावावी तशी मॅच लागायची. रॉकेलचे दोन डबे म्हणजे गोलचे खांब. त्यांच्या वर कपडे वाळत घालायची तार होती, तो आडवा दांडा. ज्यानं जे पाहिलं होतं ते तो करून दाखवायचा, आणि ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं तो जास्त करून दाखवायचा.

तळमजल्यावरचे टेलर मास्तर रेफ्री व्हायचे. दोन बोटं तोंडात घालून त्यांची शिट्टी पार स्टेशनपर्यंत जायची. आमचा गोल कसा झाला, हे सांगायला चारजण पुढं यायचे आणि चौघांचे चार गोल वेगळे असायचे. खरं एवढंच होतं, की चेंडू चिखलात अडकला, दहा पाय त्याच्यावर पडले आणि त्यातला एक पाय आमचा होता. पण त्या गोलासाठी कोणी थांबत नसे. सगळे थांबत पुढच्या भागासाठी.

एक-शून्य. खेळ संपत आलेला. आमच्या बॅकच्या हाताला चेंडू लागला. टेलर मास्तर शिट्टी वाजवायचे आणि अंगण गप्प व्हायचं. गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या बायकाही हात थांबवायच्या. पेनल्टी.

कंपनीचा एक सडपातळ, काळासावळा पोरगा पुढं आला. त्यानं चेंडू ठेवला. परत उचलला. सदऱ्याला पुसला. पुन्हा ठेवला. मागं गेला. त्याचं हे पुसणं आमच्याकडं लहान मुलांनासुद्धा येत होतं. मग तो धावत आला, आणि चेंडू दांड्यावरून, मैदानाच्या भिंतीवरून, मागच्या तबेल्यात गेला. आतून एक म्हैस ओरडली.

‘मिया काय एक केलंय नाय,’ आमचा गोलकीपर दर वेळी तितक्याच आनंदानं सांगायचा. तो मालवणकडचा. ‘मी डोळे मिटलेले. उघडून बघतंय तर लोक नाचतत. म्हटलं, आपण कायतरी केलेला दिसता.’

‘तू नाही रे, म्हशीनं अडवलं,’ कोणीतरी म्हणायचं.

‘मग शील्ड म्हशीक द्या. दूध तरी मापात घालीत.’

इतकं हसलेलो आहोत आम्ही त्या पेनल्टीवर, की ती आमच्या चाळीतल्या एखाद्या माणसासारखी झाली होती. आणि ती तशी व्हायला मी कारणीभूत आहे.

मी पत्रकांवर वाढलो. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. माझे वडील युनियनची पत्रकं वाटायचे आणि उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. शाळेचा डबा त्यांत बांधून नेला. इतर घरांतली मुलं शुभंकरोति म्हणत तेव्हा मी ताईला पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचो, आणि ती मास्तरांकडून आणलेल्या शर्टांना काजं करत ऐकायची. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. कुठलं वाक्य चांगलं आहे हे तिला माझ्याआधी कळायचं. सौम्य शब्द म्हणजे शत्रूशी केलेली तडजोड, असं मला सोळाव्या वर्षी वाटत होतं, आणि विसाव्या वर्षीही वाटत होतं.

शील्ड आली त्या आठवड्यात मी पोवाडा लिहिला. अनवाणी पायांनी बुटांना हरवलं, याहून चांगला विषय मला कुठं मिळणार होता? आमच्या धोतराच्या पट्ट्या, चिखल, तो गोल, सगळं त्यात घेतलं. आणि पेनल्टीचं कडवं असं लिहिलं :

कंपनीचा सदरा, कंपनीचे बूट,
पायसुद्धा घेतले विकत, हो जी जी
विकल्या पायाला गोल दिसंना,
चेंडू गेला म्हशींच्या गोठ्यात, हो जी जी

गणपतीत आमच्या मेळ्यानं तो म्हटला. या कडव्याला लोकांनी पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. मग स्टेशनजवळच्या ट्रेडल छापखानेवाल्यानं त्याचं चार पानांचं पुस्तक काढलं. ते मुलुंडला गेलं, कुर्ल्याला गेलं. दुसऱ्या मेळ्यांनी उचललं. ज्यांनी मॅच पाहिली नव्हती, त्यांनासुद्धा पेनल्टी पाठ झाली.

ती मारणाऱ्या माणसाविषयी मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. त्याचे पाय विकलेले आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसलं, की शब्द बसतात आणि लोक हसतात.

पुढच्या चैत्रात ताईला पाहायला एक स्थळ आलं. कोकणातल्या आमच्या मामांनी सुचवलेलं. मुलगा अंधेरीला नोकरीला, घरी आई, जबाबदारी दुसरी नाही. मुलगा त्याच्या काकांबरोबर आला आणि खोलीत खुर्चीवर बसला. आई पोहे घेऊन आली. मी दाराला टेकून उभा होतो. हा माणूस आपण कुठं पाहिला, याचा मला काही केल्या उलगडा होईना. चिखल नव्हता ना अंगावर.

तेवढ्यात आमचा गोलकीपर आईकडं विरजण मागायला आला आणि वाटी हातात धरून उंबऱ्यात उभाच राहिला.

‘तुमका मी खंय तरी बघितलंय,’ तो म्हणाला.

‘नसेल पाहिलं,’ मुलगा म्हणाला. ‘तुमचे डोळे मिटलेले होते.’

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग गोलकीपर खाली बसून हसायला लागला, विरजणाची वाटी घेऊन तसाच गॅलरीत धावला आणि पाच मिनिटांत आमच्या दारासमोर चाळ जमली. मुलाच्या काकांना वाटलं, पसंती झाली. मुलगा पोहे खात राहिला. मान खाली नव्हती, वरही नव्हती.

रात्री मी वडिलांना म्हटलं, ‘हे स्थळ नको. तो कंपनीचा माणूस आहे.’

‘कंपनीचा म्हणजे काय रे?’ वडील म्हणाले. ‘आणि मी कोणाचा? रंगाचा कारखाना काय माझ्या बापाचा आहे?’

‘तुम्ही काम करता. त्याला खेळायला ठेवलाय.’

‘मग खेळणं हे काम नव्हे? तूच पोवाड्यात लिहिलंस ना, आमच्या पोरांनी घाम गाळला म्हणून? त्यांच्या पोरांचा काय घाम नव्हता?’

मी काहीतरी उत्तर दिलं. त्या वयात माझ्याकडं कायम उत्तर असायचं. ताईला मात्र मी सरळ विचारलं, तुला हा चालेल का.

‘चालेल,’ ताई म्हणाली. काज करता करता तिनं दोरा दातानं तोडला. ‘इतक्या लोकांसमोर चुकला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. असा माणूस घरात खोटं कशाला बोलेल?’

वैशाखात लग्न झालं. मांडवात पोरांनी तो पोवाडा म्हटला नाही, कारण आईनं त्यांना तशी ताकीद दिली होती. ती ताकीद मी द्यायला हवी होती.

पहिल्या दिवाळीला जावई आले. दिवाळसणाला आईनं हौसेनं सगळं केलं. पाडव्याला ताईनं त्यांना ओवाळलं, त्यांनी तबकात साडी ठेवली. दुपारी फराळाची ताटं घेऊन अख्खी चाळ त्यांना भेटून गेली. जावई आमच्या एकट्यांचे नव्हते, चाळीचे होते. त्यांना हाताला धरून अंगणात नेलं, खुर्ची दिली, खुर्चीवर शाल टाकली. आणि मग टेलर मास्तर म्हणाले, ‘आज खरी मॅच लावू या. आज कलाकार हजर आहे.’

भावोजी हसले. ‘कशाला मास्तर.’

‘असं कसं? जावयानं सासुरवाडीचं मागणं मोडायचं नसतं.’

हे मास्तर थट्टेनं म्हणाले, पण ते आमच्याकडं खरंच तसं असतं. पहिल्या दिवाळीला जावयानं हट्ट करायचा, तो सासऱ्यानं पुरवायचा. आणि मेव्हण्यांनी, शेजाऱ्यांनी जावयाची जेवढी चेष्टा करायची तेवढी करायची, ती त्यानं हसून घ्यायची. चिडला तर तो कोत्या मनाचा. त्यांना उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

डबे मांडले गेले. गोलकीपर उभा राहिला. मास्तरांची शिट्टी झाली. भावोजींनी चपला काढून बाजूला ठेवल्या. चेंडू हातात घेऊन ते बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. पोरं म्हणाली, ‘पुसा, पुसा.’ त्यांनी चेंडू पुसला नाही. तसाच ठेवला, दोन पावलं मागं गेले, आणि अनवाणी पायानं मारला.

चेंडू गोलकीपरच्या डाव्या हाताखालून, डब्याला चाटून, आत गेला आणि भिंतीवर आपटला. मी फुटबॉल खेळलेला नाही, पण पाहिला पुष्कळ. तसा सरळ, शांत मारलेला चेंडू मी त्याआधी पाहिला नव्हता.

एखाद्यानं भरल्या पंगतीत भलतंच वाढावं तसं झालं.

‘असं नाही, जावईबापू,’ शेवटी मास्तर म्हणाले. ‘मॅचमध्ये मारलंत तसं.’

‘तस्सं मारा, तस्सं,’ पोरं ओरडली. ‘तारेवरून.’

भावोजींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांचा मेव्हणा. ‘पुरे झालं’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघते, तर सगळे ऐकते. पोवाडा माझा होता, त्या अंगणात माझा शब्द चालत होता. मी काय केलं? लोक माझ्याकडं बघताहेत हे पाहून मला स्फुरण चढलं आणि मी वरच्या पट्टीत सुरू केलं, ‘विकल्या पायाला गोल दिसंना...’ पोरांनी उचललं. ‘हो जी जी.’

त्यांनी चेंडू परत आणला. ठेवला. उचलला. सदऱ्याला पुसला, नवा, दिवाळीचा सदरा. पुन्हा ठेवला. आणि तारेवरून मारला. अंगण नाचलं. मास्तरांनी त्यांना मिठी मारली. भावोजी हसत होते. मी वर पाहिलं तर गॅलरीत ताई होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती तिथून आत गेली आणि आमचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाटाभोवती रांगोळी घातली होती. ताईनं मला टिळा लावला, सुपारी फिरवली, ओवाळलं. मी खिशातून ओवाळणी काढली तर तिनं माझा हात धरला.

‘हे नको. एक कडवं गाळ.’

मला लगेच कळलं, कुठलं. मी म्हणालो, ‘ताई, छापलेलं आहे ते. गाळणार कसं?’

‘पुढच्या खेपेला छापशील त्यात गाळ. मेळ्यात म्हणू नकोस. बाकीचं सगळं राहू दे. तुमची शील्ड, तुमचा चिखल, सगळं.’

‘पण त्यात खोटं काय आहे?’ मी म्हणालो. ‘कंपनी खेळाडू विकत घेते हे खरं नाही का? आज घरातल्या माणसासाठी एक कडवं गाळलं, उद्या आणखी कोणासाठी गाळू? तत्त्व म्हणून काही असतं की नाही?’

तिनं निरांजनाची वात सारखी केली. मग म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. मी तबकात ठेवलेली ओवाळणी तिनं उचलली नाही. ती संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होती, आणि आईनं ती कपाटात ठेवली.

भाऊबीजेला बहिणीनं भावाकडं काही मागितलं आणि भावानं तिला तत्त्व सांगितलं, असं आणखी कोणाच्या घरी घडलं असेल असं मला वाटत नाही.

संक्रांतीला ताई आली नाही. सासूबाईंना बरं नाही, असा निरोप आला. होळीला आली नाही. आषाढात त्यांच्याकडं पाहुणे होते. गणपतीत मेळा पुन्हा तो पोवाडा घेऊन सगळीकडं फिरला, आणि ताईच्या सासूबाईंना अजून बरं नव्हतं. दुसरी दिवाळीही तशीच गेली. आई म्हणायची, ‘संसारात रमली हो माझी.’ हे ती शेजारणींना सांगायची. मला सांगायची नाही.

मग या उन्हाळ्यात कळलं, ताईला दिवस गेले आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे आमच्याकडं कोणी कोणाला विचारत नाही. आईनं जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. मामांकडून डिंक आला, अळीव आले. गॅलरीच्या टोकाची हवेशीर जागा चटईनं आडोसा करून ठेवली. चाळीतल्या सुईणबाईंना आधीच सांगून ठेवलं. आणि सातवा लागल्यावर आई मला म्हणाली, ‘जा, तिला घेऊन ये. मुराळी तूच.’ माहेरी न्यायला येणाऱ्या भावाला आम्ही मुराळी म्हणतो. मी करंज्यांचा डबा घेऊन निघालो.

अंधेरीला बसमधून उतरून ताईच्या चाळीकडं वळलो, तर गल्लीच्या तोंडाशी मुलं चिंध्यांच्या चेंडूनं खेळत होती. समोरून भावोजी येत होते, कामावरून सुटून, हातात भाजीची पिशवी. त्यांना पाहून एका मुलानं चेंडू थांबवला आणि म्हणाला, ‘ए, पायविक्या आला रे.’ दुसऱ्यानं ताल धरला, ‘विकल्या पायाला...’

त्या मुलांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. आपडी-थापडी म्हणावं तसं ती म्हणत होती. भावोजींनी चेंडूला वळसा घातला आणि पुढं आले. मग त्यांना मी दिसलो.

‘या, या,’ ते म्हणाले. ‘केव्हा आलात? उन्हाचं बसनं आलात का? चला, चहा घेऊ.’

मला वर सोडून ते दूध आणायला खाली गेले. दूध घरात होतं. बहीण-भावाला बोलता यावं म्हणून ते गेले. सासूबाई देवळात गेल्या होत्या, ताई जमिनीवर पाय पसरून बसली होती. चेहरा ओढलेला, पोट दिसू लागलेलं. मी करंज्यांचा डबा पुढं केला.

‘न्यायला आलोय,’ मी म्हणालो. ‘आईनं सगळं मांडून ठेवलंय.’

‘मी येणार नाही,’ ताई म्हणाली. ‘इथंच बाळंत होईन. म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल जवळ आहे.’

‘आई काय म्हणेल?’

‘आईला काय सांगायचं ते तू ठरव. तुला लिहिता येतं.’

मी डबा खाली ठेवला. ती मग हळूहळू बोलली, जणू उसवायचा कपडा मांडीवर आहे आणि टाका न तुटता काढायचा आहे.

‘यांना कंपनीनं खेळायला घेतलं हे खरं आहे. गावी आई एकटी होती, शेती नव्हती. यांना खेळता येत होतं. जे येत होतं ते विकलं. तू मला वाचून दाखवायचास ना रे, की पोटासाठी अंग विकावं लागतं यात विकणाऱ्याला लाज नाही, घेणाऱ्याला आहे? मी काजं करताना ऐकायचे. मला वाटायचं, किती खरं आहे. ते फक्त आपल्या चाळीपुरतं लिहिलेलं होतं का?’

माझ्याकडं कायम असायचं ते उत्तर मी शोधलं. नव्हतं.

‘पेनल्टीनंतर कंपनीनं यांना संघातून काढलं आणि गोदामात घातलं,’ ती म्हणाली. ‘गोदामात सगळे पायविक्या म्हणतात. हे हसतात. मॅच झाल्यापासून यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. पाडव्याला आपल्या अंगणात लावला, पहिल्यांदा. मी वरून पाहत होते. यांनी गोल केला, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून यांना परत चुकायला लावलंत. जावई म्हणून चुकले ते. माझ्यासाठी.’

‘ताई, मी बंद करतो ते. आजच.’

‘तू काय बंद करणार? ते आता तुझं आहे का?’ तिनं खिडकीकडं हात केला. खाली मुलं खेळत होती. ‘या पोरांना तू माहीत पण नाहीस. मी माहेरी येईन, बाळ होईल, बारशाला यांना यावं लागेल. तुमचं अंगण मॅच लावेल. माझं मूल ज्या पहिल्या अंगणात जाईल तिथं त्याला पायविक्याचं पोर म्हणतील. इथं म्हणतात ते परके आहेत. ते मी ऐकू शकते.’

भावोजी दूध घेऊन आले. चहा झाला. निघताना त्यांनी मला बसपर्यंत सोडलं आणि त्या मुलांच्या जवळून जाताना माझ्याशी मुद्दाम मोठ्यानं हवापाण्याचं बोलत राहिले, मला ऐकू येऊ नये म्हणून. माझी लाज तो माणूस झाकत होता.

मुराळी गेला आणि एकटाच परत आला, हे चाळीत न दिसण्याची सोय नव्हती. गॅलरीतल्या सगळ्या बायकांनी माझ्या मागं रिकामी जागा पाहिली. आईनं दारातून विचारलं, ‘ती मागून येते का?’ मी नाही म्हणालो. आई आत वळली. चटईचा आडोसा मात्र अजून तसाच आहे. तिनं काढलेला नाही आणि आम्हाला काढू दिलेला नाही.

मी अंगणात बोललो. मास्तर म्हणाले, ‘तूच लिहिलंस, आता तूच म्हणतोस नको. आम्ही काय रे, तुझ्या तालावर नाचायचं?’ आणि ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रॉकेलचे डबे आपल्या दुकानात नेऊन ठेवले आणि त्यावर कापडाचे तागे रचले. गोलकीपर अंधेरीला जाऊन भावोजींना भेटून आला. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, फक्त म्हणाला, ‘माणूस बरो आसा.’ म्हणजे आमचं अंगण सुधारेल. ट्रेडलवाल्याकडं गेलो. त्यानं नवी खेप आधीच काढून मुलुंडच्या एका मेळ्याला दिली होती. कडव्यासकट. त्याला दोष कसा देऊ? लोक तेच मागतात.

ताई बरोबर म्हणाली होती. ते कडवं आता माझं नाही. तुमचं आहे. म्हणून हे लिहितो आहे, आणि माझ्या लिहिण्यात प्रथमच कोणाला शत्रू म्हणत नाही.

ते चार पानी पुस्तक तुमच्या घरी असेल, तर उघडा आणि पेनल्टीचं कडवं शाईनं खोडा. तुमचा मेळा यंदा तो पोवाडा म्हणणार असेल, तर रेफ्रीच्या शिट्टीपाशी थांबा आणि सरळ शील्डच्या कडव्यावर या. मॅच तरीही आम्हीच जिंकलेली राहील. तुमच्या गल्लीत एखादं मूल कोणा माणसामागं ‘पायविक्या’ म्हणून ओरडलं, तर त्याला जवळ बोलावा आणि सांगा, की हा शब्द ज्याच्या कडव्यातून निघाला त्यानं तो परत मागितला आहे. अंधेरीत राहत असाल तर हे आजच करा. ताईला सातवा सरत आला आहे.